श्रावणात झाडांना पाणी

वेताची खुर्ची जागेवर नव्हती. यशवंतराव कोपऱ्यावरच्या डेअरीतून दही घेऊन आले, छत्री झटकून खांबाला टेकवली, चपला काढल्या आणि सवयीनं मागे न बघता बसायला वाकले, तेव्हा हे त्यांच्या लक्षात आलं. खांब हाताला लागला म्हणून बरं, नाहीतर चौबे कॉलोनीत संध्याकाळी ऑलिंपिकपेक्षा मोठी बातमी झाली असती. एका हातात दही, दुसऱ्या हातात खांब, असे ते क्षणभर लोंबकळून राहिले. खुर्चीचं एवढं काय, उचलून ठेवली असेल कोणी. पण व्हरांड्यातली ती जागा साधी नव्हती. तिथून बैठकीतला टीव्ही दिसत नसे, फक्त त्याचा उजेड दारातून येऊन समोरच्या भिंतीवर हलत असे, आणि भारताचा कुठलाही सामना असला की यशवंतरावांनी तिथे बसून तो उजेड बघायचा, असा या घराचा नियम होता. नियम कोणी केला नव्हता. सूर्यानं पूर्वेला उगवावं असंही कोणी त्याला सांगितलेलं नाही.

खुर्ची आत होती, टीव्हीच्या अगदी समोर, पहिल्या रांगेत, पाठीला नवी उशी लावून. तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून त्यांची सून मंजिरी उभी होती. लग्न होऊन या घरात येऊन तिला जेमतेम पाच-सहा महिने झाले होते. सोलापूरकडची मुलगी, नव्या रायपुरातल्या एका संस्थेत नोकरी, आणि आज ऑफिसातून मुद्दाम लवकर आलेली. "बाबा, तुमची सीट," ती म्हणाली. "इतके दिवस तुम्ही मला एवढे खेळ दाखवलेत. आज हॉकी. कांस्यपदकाचा सामना आहे, पहिल्या रांगेत बसायचं." दिवाणाच्या कडेला बसलेल्या तिच्या सासूबाई मंदाकिनीबाईंच्या हातातलं भजं तोंडाच्या वाटेवर थांबलं. समोरच्या घरातले नरहरी, यशवंतरावांच्याच रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेले, अर्धा कप चहा हातात धरून बसले होते. तो अर्धा कप ते सामना संपेपर्यंत पीत नसत, कारण मागच्या ऑलिंपिकला तसंच झालं होतं. त्यांनी तो कप हळूच छातीशी धरला, लहान मूल धरावं तसा.

"अरे यार मंजिरी," सोफ्याच्या हातावर बसलेला तिचा नवरा नीलेश म्हणाला. सोफ्यात भरपूर जागा असली तरी भारताच्या सामन्याला तो सोफ्याच्या हातावरच बसे. "पापा की कुर्सी बाहर रहती है. मॅच के टाइम."

"का?"

नरहरींनी घसा साफ केला. "त्याचं काय आहे पोरी, यशवंतरावांनी पाहिलं का आपण हरतो. तसं माणूस लाखाचं आहे. पण नजर... आता काय सांगू."

"म्हणजे बाबांमुळे भारत हरतो?" मंजिरी म्हणाली. "अख्खा भारत?"

"हंसो मत, प्रूफ है," नीलेश म्हणाला आणि स्वतःच हसला. मग सगळे हसले. यशवंतरावही हसले. हे हसू त्यांचं सरावाचं होतं. ते कुठून सुरू करायचं, कुठे डोळे मिटायचे, कुठे मान हलवायची हे त्यांना पाठ झालेलं होतं. "हव न," ते म्हणाले, "मी भायेरच बरा. झाडाले पाणी घालाचं राहिलं." पण मंजिरीनं त्यांच्या हातातलं दही काढून घेतलं, त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "दिवसभर पाऊस पडलाय बाबा. श्रावणात कोण झाडांना पाणी घालतं?" यशवंतराव बसले. उशी पाठीला टोचत होती. समोर एवढा मोठा, एवढा हिरवा-निळा पडदा, की त्यांना देवळात गाभाऱ्याच्या फार जवळ गेल्यासारखं वाटलं.

मैदान निळं होतं. हॉकीचं मैदान निळं असतं हे त्यांना माहीत होतं, पेपरात फोटो येतातच, पण त्यांच्या मनातलं हॉकीचं मैदान काळं-पांढरं राहून गेलं होतं, कारण त्यांनी डोळे भरून पाहिलेला हॉकीचा शेवटचा सामना काळा-पांढरा होता. स्टेशनजवळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, थंडीचे दिवस, दिल्लीतल्या आशियाई खेळांची हॉकीची फायनल, समोर पाकिस्तान. आर्वीहून नोकरीला आलेला यशवंत तेव्हा चोविशीतला, नव्या शर्टाची घडी न मोडलेला. ड्यूटी संपवून तो धावत आला तेव्हा आपला एक गोल झालेला होता आणि हॉल नुसता उकळत होता. कोणीतरी सरकून त्याला बाकावर जागा दिली. तो टेकला मात्र, आणि तिकडून गोल. मग आणखी एक. मग मोजायचंच सोडून दिलं लोकांनी. सात झाले. मधे कधीतरी हेडक्लार्क श्यामराव मागे वळले आणि म्हणाले, "काहून रे यशवंत, तू आला अन् गाडी रुळावरून उतरली!" लोक हसले. हरत असताना माणसाला हसायला काहीतरी लागतंच. पुढच्या गोलाला दोघं-तिघं एकदम ओरडले, "अरे याले भायेर काढा कोणी!" आणि तो उठला. मस्करीच होती. तोही हसला. बाहेर येऊन थंडीत उभा राहिला आणि आतला गलका ऐकत दारातून विचारू लागला, "काय झालं? काय झालं?" त्या दिवशी त्यानं जे विचारायला सुरुवात केली, ते अजून चालूच होतं.

कारण मस्करीचं एक असतं, ती एकदा खरी ठरली की मग तिला कोणी मस्करी म्हणत नाही. पुढच्याच वर्षी क्रिकेटचा वर्ल्ड कप आला. यशवंतची रात्रपाळी श्यामरावांनी स्वतः लावून दिली आणि भारत जिंकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला पेढा भरवला गेला, पाठ थोपटली गेली, जणू लॉर्ड्सवर तोच खेळला होता. मग लग्न झालं, घरात टीव्ही आला, आणि मंदाकिनीबाईंनी हा नियम सासरच्या कुळाचारासारखा मनोभावे पाळला. जोहान्सबर्गची फायनल त्यांनी हट्टानं बघितली, तर त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. मुंबईची फायनल ते गच्चीवर टाकीला टेकून ऐकत राहिले आणि फटाके सुरू झाले तेव्हा त्यांना कळलं. कानानं भारत कधी हरला नाही, ही त्यांची आपली गोष्ट होती. मॉस्कोचं हॉकीचं सोनं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. टोकियोच्या वेळी तर कहर झाला. भर कोरोनात, सकाळी, ते व्हरांड्यातून दाराशी आले की तिकडे जर्मनीचा गोल. ते कुंड्यांकडे वळले की आपला. शेवटी नरहरींनी त्यांना अक्षरशः हात जोडले. कांस्यपदक मिळालं, आणि नरहरी अजूनही सांगतात की त्यातला एक तुकडा चौबे कॉलोनीतल्या तुळशीला पाणी घालणाऱ्या माणसाचा आहे.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. यशवंतरावांनाही त्यात एक मान वाटे. देशासाठी काहीतरी आपण करतो, न बघण्याचं का होईना. पण कुठलीही गोष्ट फार दिवस पाळली की ती आपल्याला पाळायला लागते. नीलेश शाळेच्या शर्यतीत धावला तेव्हा ते मैदानाच्या भिंतीआड चणे खात उभे होते. आणि मंदाकिनीबाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी ते ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे पाठ करून बसले. सगळे नातेवाईक त्या लाल दिव्याकडे टक लावून बसलेले आणि हे आपले खिडकीतून सायकल स्टँड बघताहेत. कोणाला वाटलं असेल, माणसाला काही घेणंदेणं नाही. त्यांना फार घेणंदेणं होतं. म्हणून तर पाठ केली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि या एका ठिकाणी त्यांना आपलं सरावाचं हसू जमेल असं वाटेना.

मग माणसानं बघायचं काय? डोळे तर देवानं दिलेले, आणि खेळाचं वेड आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. यशवंतरावांना वाट सापडली ती ऑलिंपिकमध्ये. ज्या खेळात आपलं कोणी नाही, नाहीतर असूनही पदकाच्या जवळपास नाही, तिथे आपली नजर लागून लागणार कुणाला? दर चार वर्षांनी ते पोट भरून बघायचे. लोक क्रिकेटच्या गोष्टी करत तेव्हा यशवंतराव उंचावरून पाण्यात सूर मारणाऱ्या चिनी मुलींच्या, खांब न शिवता खळाळत्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध होडी नेणाऱ्यांच्या, तलवारी घेऊन जाळीचा मुखवटा घालून ओरडणाऱ्या हंगेरियन माणसांच्या जगात असत. सगळ्यात जीव जडला होता तो चालण्याच्या शर्यतीवर. धावायचं नाही, चालायचं. एक पाय कायम जमिनीवर पाहिजे, दोन्ही उचलले की पंच लाल कार्ड दाखवतो. कमरेत मुरडत, ओठ आवळून, तासभर भराभरा चालणारी ती माणसं बघून बाकीचं घर हसून लोळायचं. यशवंतरावांना हसू येत नसे. जीव तोडून पळावंसं वाटत असताना पाय जमिनीवर ठेवायचा, म्हणजे काय ते त्यांना आतून कळे.

या ऑलिंपिकला मात्र त्यांना जोडीदार मिळाला. पहिल्याच शनिवारी मंजिरी बैठकीत आली तेव्हा टीव्हीवर एक घोडा संगीताच्या तालावर जागच्या जागी पाय उचलत होता. "हे काय आहे?" तिनं विचारलं. "घोडा नाचून राहिला," यशवंतराव म्हणाले, "पण तो नाचून राहिला हे त्याले माहीत नाही पाहिजे. तशी गंमत आहे." ती खाली बसली ती दुपार संपेपर्यंत उठलीच नाही. मग रोजचं झालं. ती शंकर नगरवरून येताना समोसे आणायची आणि दोघं मिळून पालीसारखे भिंतीवर चढणारे गडी बघायचे, एकाच वेळी पाण्यातून पाय बाहेर काढणाऱ्या मुली बघायचे. ती प्रश्न फार विचारायची. "ह्यात आपलं कोणी नाही. मग तुम्ही कुणाच्या बाजूनं?" ते म्हणाले, "जो मागं राहिला त्याच्या." पाण्यातल्या होडीवाल्या एका पोरीनं पहिल्याच फाटकाच्या खांबाला धक्का दिला, तेव्हा यशवंतरावांनी तिला आपली म्हटलं. "बस, आता हे आपली पोट्टी," ते म्हणाले, आणि ती पोट्टी पुढच्या फेरीत अशी काही वल्ही मारत आली की तिसरी आली. दोघांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मंजिरी काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली होती? त्यांना आठवेना.

समोर शिट्टी झाली. निळ्या मैदानावर निळ्याच कपड्यांतले आपले अकरा. यशवंतरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. हे असं दिसतं तर. चेंडू पांढरा, इतका बारका, इतका वेगात की डोळ्यांनी त्याच्या मागे धावावं लागतं. आपल्या पोरांचे चेहरे घामानं चमकत होते, एकानं दात विचकून श्वास घेतला, एकानं दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली. कानांना हे कधी ऐकू आलं नव्हतं. इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो? त्यांना आनंद झाला, अगदी पोरकट, जत्रेतल्यासारखा, आणि त्या आनंदाच्या पोटातच ती जुनी भीती अंग चोरून बसली होती. पहिला टप्पा संपला, काही घडलं नाही. नरहरींनी कपाकडे पाहून हळूच सुस्कारा सोडला. मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि भज्यांची बशी त्यांच्याकडे सरकवली. आणि दुसऱ्या टप्प्यात आपल्या डीमध्ये, गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, कोणाची तरी स्टिक कोणाच्या तरी पायाला लागली, पंचानं हात दाखवला, पेनल्टी स्ट्रोक, आणि स्पेननं गोल केला.

कोणीही काही बोललं नाही. हे फार वाईट होतं. कोणी ओरडलं असतं, "भायेर काढा" म्हटलं असतं, तर ते हसले असते. पण सगळे टीव्हीकडेच बघत राहिले, इतक्या मुद्दाम, की त्या सगळ्या न वळलेल्या माना यशवंतरावांना वळलेल्या दिसल्या. नीलेश म्हणाला, "कोई बात नहीं, टाइम है," आणि ते वाक्य त्याच्या बापासाठी होतं हे बापाला कळलं. ते उठले. "बाबा, बसा ना," मंजिरी म्हणाली. "येतो," ते म्हणाले, "झारी भरून ठेवतो फक्त." नरहरी काकुळतीला येऊन म्हणाले, "जाऊ दे पोरी, त्यायले सवय आहे." तेही खरंच होतं.

व्हरांड्यात सगळं ओलं होतं. कुंड्यांत पाणी साचलेलं, मोगऱ्याची पानं धुऊन निघालेली, तुळस तर बिचारी पुरती भिजून वाकलेली. यशवंतरावांनी नळाखाली झारी भरली आणि त्या तुंबलेल्या कुंड्यांसमोर उभे राहिले. श्रावणात झाडांना पाणी घालायला निघालेला माणूस. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा कामातून गेला. त्यांना स्वतःचा राग आला, मग हसू आलं, आणि हे हसू सरावाचं नव्हतं. आता बघा, स्पेनचा तो पोरगा, चेंडूकडे वाकलेला, त्याला चौबे कॉलोनी माहीत होती का? त्याच्याही गावात एखादा म्हातारा असेल, आपल्या बायकोनं बाहेर काढलेला, त्यांच्याही तुळशीला, नाहीतर जे काय लावत असतील त्याला, पाणी घालत उभा. आज त्याच्या घरचे म्हणत असतील, बघा, हा बाहेर गेला आणि गोल झाला. दोन म्हातारे, दोन झाऱ्या. कोणाची झारी खरी? आणि मग त्यांना एकदम आठवलं मंजिरी काय म्हणाली होती ते. होडीवाली पोट्टी तिसरी आली तेव्हा त्यांनी म्हटलं होतं, ते काही खरीखुरी आपली नोहे, म्हणून जिंकली. मंजिरी समोशाचा तुकडा मोडत सहज म्हणाली होती, "तुम्ही आपली म्हटलंत, तेव्हाच ती आपली झाली ना बाबा. मग तुमच्या डोळ्यांसमोर जिंकलीच की." तेव्हा त्यांनी ते चटणीबरोबर गिळून टाकलं होतं. आता ते वर आलं.

आतून एकदम श्वास रोखल्याचा आवाज झाला. "पेनल्टी कॉर्नर! अपना, अपना!" नीलेशचा आवाज. मध्यंतर अगदी तोंडावर आलं होतं. यशवंतराव झारी घेऊनच दाराशी आले. नियम असा होता की इथे, उंबरठ्याच्या अलीकडे, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि विचारायचं. ओठ आपोआप उघडलेही होते. पण दार सताड उघडं होतं, आणि मंजिरीनं खुर्ची समोर आणून ठेवताना नेहमीचा मोठा सोफा सरकवला होता, म्हणून आज पहिल्यांदाच उंबरठ्यावरून अख्खा टीव्ही दिसत होता. गोलाच्या रेषेवर एक आपला पोरगा चेंडूवर वाकलेला. डीच्या टोकाला दोघं, पाय रोवून. आता मान वळवायला हवी. अख्ख्या देशाचं पदक आणि एका म्हाताऱ्याचे दोन डोळे. खरं म्हणजे त्यांनी काही ठरवलं नाही, कुठला विचार जिंकला नाही, त्यांना फक्त बघायचं होतं. बस्स, बघायचं होतं. इतकी वर्षं बघायचं होतं. एक पाय व्हरांड्यात ठेवून त्यांनी दुसरा आत ठेवला आणि डोळे फाडून पाहिलं. चेंडू निघाला, थांबला, उचलला गेला, आणि जाळीच्या खालच्या फळीवर असा आदळला की त्याचा आवाज त्यांना दातांत जाणवला.

घर उसळलं. नरहरींचा कप सांडला. मंदाकिनीबाई टाळ्या वाजवत वळल्या आणि दारात नवरा दिसला: एक पाय आत, एक बाहेर, हातात झारी, तोंड उघडं.

"हलू नका!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की यशवंतराव खरोखरच गोठले. "अजिबात हलू नका तिथून!"

"पण मी..." ते म्हणाले.

"पापा, हिलना मत! प्लीज!" नीलेश ओरडला. "झारी भी मत रखना!"

कारण घराचा दुसरा नियम पहिल्यापेक्षाही कडक होता: गोल झाला त्या क्षणी जो जिथे जसा असेल, त्यानं तिथे तसंच राहायचं. नीलेशचा सोफ्याचा हात, नरहरींचा अर्धा कप, सगळं त्यातूनच आलेलं. मंजिरी हसत हसत खाली बसली. "अहो, पण बाबा बघत होते," ती म्हणाली. "मी पाहिलंय. गोल झाला तेव्हा बाबा टीव्हीकडे बघत होते." या वेळी सगळ्या माना खरोखर वळल्या. यशवंतरावांनी चोरी पकडल्यासारखं मान डोलावली. "हव. पाहिला मी."

दोन नियम समोरासमोर ठाकले होते. नरहरींनी रिकाम्या कपात पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि रेल्वेत आयुष्यभर नियमांची पुस्तकं चाळलेल्या माणसाच्या अधिकारानं निर्णय दिला. "गोल झाला तेव्हा पाहून राहिले होते, तर आता पाहाच लागते. नजर हटवाची नाही, यशवंतराव. सांगून ठेवतो."

मध्यंतरातही त्यांना हलू दिलं नाही. झारी खाली ठेवायची नाही म्हटल्यावर चहा कसा प्यायचा? मंदाकिनीबाई बशीत चहा ओतून घेऊन आल्या, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली. चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच होत होतं आणि तेही दारात, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. यशवंतराव फुर्र करून प्याले. मंदाकिनीबाई बशी धरून त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू? माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही पाठ करून काहून बसले होते? वन्सं सांगत होत्या. मले वाटलं, राग आला असंल खर्चाचा."

यशवंतरावांना झारी जड झाली. "नाई वं," ते म्हणाले. "पाहिलं असतं अन् काही झालं असतं तर?"

बशीतला उरलेला चहा मंदाकिनीबाईंनी स्वतःच पिऊन टाकला आणि पदरानं त्यांच्या मिशीला लागलेला चहा पुसला. "येडे आहा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी त्या दरवाजातून भायेर आली तं पहिले तुमचं टक्कल दिसलं, मागून." आणि त्या हसल्या, आणि डोळेही पुसले, आणि तेवढ्यात नीलेश ओरडला, "शुरू हो गया, मम्मी, अपनी जगह!"

मध्यंतरानंतर लगेचच दुसरा गोल झाला. यशवंतरावांनी तोही पाहिला, सगळाच्या सगळा, चेंडू स्टिकवरून सुटल्यापासून जाळीपर्यंत. त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. पाय भरून आले होते, डावा व्हरांड्यातला ओला, उजवा बैठकीतला कोरडा. झारीच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं आणि त्याचा एक ओघळ उंबरठ्यावरून आत चालला होता, पण कोणी काही म्हणेना. चालण्याच्या शर्यतीतले ते गडी त्यांना आठवले, ओठ आवळलेले. एक पाय जमिनीवर. आता दोन्ही पाय जमिनीवर होते आणि तरीही आपण कुठेतरी भराभरा चाललो आहोत असं त्यांना वाटत होतं.

शेवटची मिनिटं आली तशी नरहरींनी आपला तिसरा नियम काढला: टीव्हीचा आवाज बंद. कॉमेंट्रीवाला तोंड उघडतो आणि घात होतो, असं त्यांचं म्हणणं. नीलेशनं आवाज बंद केला. घरात फक्त पंख्याचा घर्र घर्र. आणि घड्याळात काही उरलं नसताना पंचानं आपल्या गोलाकडे हात दाखवला. स्पेनला पेनल्टी कॉर्नर. गेला तर बरोबरी, मग काय सांगावं. "मेरे से नहीं होगा," नीलेश म्हणाला आणि त्यानं उशीत तोंड खुपसलं. नरहरी भिंतीकडे वळले. मंदाकिनीबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. यशवंतरावांनी मंजिरीकडे पाहिलं. या घराचे नियम न मानणारी ती मुलगी दोन्ही हातांनी डोळे झाकून, गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. एवढ्या बैठकीत, एवढ्या मोठ्या पडद्यासमोर, बघणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते दारात उभं होतं.

त्यांनी पाहिलं. त्यांना भीती वाटत होती, पण डोळे हलले नाहीत. चेंडू आत आला, थांबला, फटका बसला. आपला एक पोरगा जीव खाऊन अंगावर धावला. गोलरक्षकानं पाय टाकला. चेंडू त्याच्या पॅडला लागून उडाला, वर गेला, फिरला, आणि कोणाच्या तरी स्टिकनं तो लांब, दूर, निळ्याच्या पार पिटाळून लावला. घड्याळ शून्यावर आलं. निळ्या कपड्यांतली पोरं धावत सुटली, एक गुडघ्यांवर बसला, गोलरक्षक आडवा झाला. शेजारच्या घरांतून आरोळी उठली, पण ती हर्षाची की हळहळीची ते आत बसलेल्यांना कळेना.

"काय झालं?" पदराआडून मंदाकिनीबाईंनी विचारलं.

यशवंतराव अजून पडद्यावरच्या पोरांकडेच बघत होते.

"पापा, क्या हुआ?" उशीतून नीलेश. "यशवंतराव, काय झालं बाप्पा?" भिंतीकडून नरहरी. "बाबा, काय झालं? सांगा ना!" मंजिरी. सगळे आंधळे, सगळे त्यांच्या तोंडाकडे कान लावून. काय झालं, काय झालं. हा प्रश्न बाहेर उभं राहून विचारताना इतका वेगळा वाटे, आणि आतून ऐकताना असा.

यशवंतरावांनी झारी खाली ठेवली. बाहेरचा पाय उचलून आत घेतला, सावकाश चालत आपल्या वेताच्या खुर्चीपाशी गेले, बसले आणि उशी नीट केली.

"डोळे उघडू नका कोणी," ते म्हणाले. "सांगतो." आणि अजिबात घाई न करता त्यांनी सामना पहिल्या शिट्टीपासून सांगायला सुरुवात केली.